नकाशावरचं हिरवं

आमच्या कम्प्युटर क्लासमध्ये न सांगता जमणाऱ्या गोष्टी दोनच. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ मी दर शनिवारी झाडतो. किस्स्यांचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या शेपटाला दुसरा लटकून येतो. आणि तो सांगून झाला की ऐकणारा विचारतो, "सर, हे खरं का?" मग मी चिडतो. मला चिडायला फार वेळ लागत नाही. म्हणून आधीच सांगतो, खरं-खोटं नंतर बघू, आधी ऐका.

परंड्यात बस स्टँडच्या मागं माझा क्लास. टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सगळं चालतं. रविवारी दुपारी मात्र शटर अर्धं खाली असतं आणि आत आम्ही दख्खनवर राज्य करत असतो! गेम जुना आहे, चार मशीनं आपसात वायरनं जोडून खेळायचा. पडद्यावर चारेकशे वर्षांपूर्वीचा नकाशा, प्रत्येक राज्याला आपला रंग. एकेकानं एकेक राज्य घ्यायचं. लग्नं जुळवायची, तह करायचे, तेच तह मोडायचे, फौजा हलवायच्या. आतला काळ आपोआप पुढं सरकत राहतो. संध्याकाळी सेव्ह करायचं आणि पुढच्या रविवारी तिथूनच पुढं.

विजापूर बप्पाकडं. बप्पा ईट गावचा शेतकरी, मोटारसायकलवर येतो. गोवळकोंडा मुजीबकडं, त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान माझ्या शेजारीच. मी गोव्याचा फिरंगी, कारण समुद्रात मला कुणी त्रास देत नाही. आणि निजामशाही गावातल्याच गजाकडं. रंग हिरवा, राजधानी आमचं परंडा. मुघल कुणीच घ्यायचे नाहीत, ते मशीनकडं. नाहीतर खेळ एका दुपारीत आटोपतो.

"बुडणारं राज्य कशाला घेतोस रे?" मी गजाला विचारलं होतं.

"सर, ते बुडलं तर कुणी हसत न्हाय. अन् टिकलं तर लई मजा येती."

गजा एवढंच बोलायचा. दिवसभरात एखादं वाक्य, तेही विचारलं तर.

*

बप्पाचा पहिला रविवार. आम्ही तिघं तोफा ओतत होतो, घोडदळ भरत होतो. बप्पानं सगळा खजिना विहिरी आणि कालव्यांत घातला.

मी म्हटलं, "अहो बप्पा, मुघल येतील!"

"येऊ द्या की. पानी असलं की बाकीचं बघता येतं!"

मुघल आले. विजापूरला वेढा पडला. नेमका त्याच वेळी वहिनींचा फोन आला आणि बप्पाचा अंगठा स्पीकरवर पडला.

"कुठं हाव?"

"विजापुरात!" बप्पाचे डोळे पडद्यावर.

"अगं बया! तिकडं काय काम काढलं? कवा येनार?"

"वेढा उठला की येतो!"

पुढचे काही दिवस अर्धं ईट बप्पाला एकच विचारत होतं: विजापुरात नेमकं काय झालं, अन् पोलीस आले होते का? तेव्हापासून फोन आला की हा माणूस उठून पार स्टँडपर्यंत चालत जातो.

*

आमच्यात वाद झाला तर मोबाईलवर शोधायचं नाही, किल्ल्यात जाऊन मिटवायचा. हा नियम गजाचा. गावात किल्ला असताना मोबाईल कशाला, असं त्याचं म्हणणं.

एकदा वाद पेटला की परंड्याचा खंदक ओलांडून शिडी लागते का नाही. मुजीब म्हणे लागते, बप्पा म्हणे शक्यच न्हाय. क्लासमधले पंखे पुसायची माझी शिडी खांद्यावर घेऊन आम्ही चौघं भर उन्हात निघालो. दारावरच्या राखणदारानं अडवलं.

"काय काम काढलंय?"

"किल्ला घ्यायचाय," बप्पा म्हणाला.

राखणदार तंबाखू मळता मळता, मान वर न करता म्हणाला, "मग पाचच्या आत घ्या. पाचला दार बंद हुतंय."

शिडी लागली नाही, ती गोष्ट वेगळी. पण परत निघायच्या वेळी गजा दिसेना. आम्ही हाका मारल्या, बुरूज पालथे घातले, विहिरीतसुद्धा वाकून बघितलं. शेवटी दमून ज्या बुरुजाखाली बसलो, त्याच बुरुजावरून तो खाली उतरला.

"अरे, होतास कुठं?"

"हितंच की. तुमी सगळे दिसत होता मला."

"हाका ऐकू आल्या नाहीत?"

"आल्या की. म्या ओ बी दिली, लई वेळा दिली," गजा म्हणाला. "तुमालाच आली न्हाय."

बप्पा हसला, म्हणून आम्हीही हसलो. शिडी घेऊन घरी आलो.

*

मग गजा गेला. कुर्डुवाडीच्या बसमध्ये बसला. तिथून पुण्याची गाडी धरणार होता, नोकरीच्या मुलाखतीला. कुर्डुवाडीत उतरताना कंडक्टरनं त्याला बघितलं. त्याच्या पुढं कुणीच बघितलं नाही. फोन बंद. तक्रार झाली, फोटो सगळीकडं गेला, भाऊ भरत पुण्यापर्यंत पायपीट करून आला. चांगला धडधाकट माणूस असा कसा जातो, हे मला आजही समजत नाही. आणि समजत नाही म्हणून राग येतो.

त्याची आई, सोजरमावशी, एका रविवारी क्लासवर आली. "मास्तर, मशिनीत काय लिवून ठिवलंय का त्यानं?" मी गजाचं मशीन आतून-बाहेरून तपासलं. गेमशिवाय काही नव्हतं. ते बंद करून वर कापड टाकलं. बप्पाच्या पडद्यावर मात्र नकाशा उघडाच होता. मावशी त्याच्याकडं बघत राहिली.

"ह्यात त्याचं कुठलं?"

"हे हिरवं, मावशी," मुजीब म्हणाला.

"अजून हाय?"

"हाय की. माणूस उठून गेला तर त्याचं राज्य मशीन चालवतं."

पुढचं तिनं ऐकलंच नाही. हिरव्यावर बोट ठेवून स्वतःशीच म्हणाली, "हाय म्हणं."

तिथंच चूक झाली. तिचा समज कुणीतरी तेव्हाच दूर करायला पाहिजे होता. तिघांपैकी एकाचीही छाती झाली नाही. तेव्हापासून मावशी दर रविवारी येऊन मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायला लागली. भरत एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, आई हप्ताभर भाकरी नुसती चिवडती. ऐतवारी तेवढी पोटभर जेवती. तेवढं हिरवं राहू द्या."

खऱ्या निजामशाहीच्या वजिराला तरी एवढा घोर होता का कोण जाणे! त्याचं फक्त राज्य जाणार होतं.

*

बप्पाचा सोलापूरवर जुना डोळा. सोलापूर हिरव्याकडं. बप्पानं कित्येक रविवार खपून फौज जमवली आणि एकदाची सीमेवर आणली. मावशी मागं बसलेली.

"हे पिवळं कुणाचं वो? त्याच्या अंगावर चाललंय."

बप्पाचा माउस जागच्या जागी थांबला. "माझं हाय, मावशी."

"तुमचं?"

"चुकून गेलं. आत्ता माघारी घेतो!"

आणि घेतली की! वाटेत दुष्काळी मुलूख, निम्मी फौज उपाशी मेली, विजापुरात बंड झालं. बप्पा घाम पुसत म्हणाला, "बायकोला बी येवढं भ्यालो न्हाय कधी." पुढच्या रविवारी मावशीनं त्याच्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणली. दख्खनच्या इतिहासात चटणीवर झालेला हा एकमेव तह असेल!

*

आता हा किस्सा मी बरेच दिवस कुणाला सांगितला नव्हता.

गजा चौलच्या बंदराबाहेर एक गलबत नुसतं उभं करून ठेवायचा. व्यापाराला नाही, लढाईला नाही. समुद्र माझा, त्यामुळं ते मला दिसायचं आणि खटकायचं. विचारलं तर म्हणायचा, "असू द्या सर. कधी निघावं लागलं तर."

गजा गेल्यावर राज्य मशीनकडं आलं आणि मशीननं पहिल्याच रविवारी ते गलबत मोडीत काढलं. बरोबरच आहे. मशीन बिनकामाचं काही ठेवत नाही, त्याला तसंच बनवलंय. मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही.

पावसाळा सरल्यावरच्या एका रविवारी मी माझी जहाजं उत्तरेला नेत होतो. चौलच्या बाहेर एक हिरवं गलबत उभं. त्याच जागी. एकटं. दुपारभर मी बघत राहिलो. ते हललं नाही. पुढच्या रविवारीही नाही.

शेवटी मुजीबला दाखवलं. तो म्हणाला, "मशीन शिकलं आसंल, सर."

"हे मशीन शिकत नाही, मुजीब. फार जुना गेम आहे हा. काल केलेली चूक तो आज परत करतो."

मुजीबनं पडद्याकडं बघितलं, मग मागच्या खुर्चीकडं. खुर्चीत मावशी पेंगत होती. "मग मला नक्को दाखवू," तो म्हणाला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

*

एका रविवारी मावशी दारातूनच बोलत आली, "आज त्याला बरं न्हाय."

मशीनं अजून चालूही केली नव्हती. मी म्हटलं, "कशावरून, मावशी?"

"सकाळधरनं वाटतंय."

गेम उघडला. पाच-दहा मिनिटं काहीच नाही. मी बप्पाकडं बघून डोळे मिचकावले. तेवढ्यात परंड्यावर एक काळं चिन्ह आलं: साथीचा रोग. गेममध्ये अशी साथ अधूनमधून येतेच, कुठंही येते. मी ते सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. मीच सांगत होतो आणि माझ्याच अंगावर काटा येत होता.

मावशीनं पदराची गाठ सोडून अंगारा काढला आणि बप्पाच्या पडद्याला, नकाशावर जिथं परंडा होतं तिथं, बोटानं लावला. बप्पानं तो अजून पुसलेला नाही. त्याच्या नकाशावर परंडा नीट दिसत नाही, तो अंदाजानं खेळतो.

*

पुढं मुघल फारच खाली सरकले. आधी दौलताबाद, मग नगर, मग चौलही गेलं. हिरवं आक्रसत आक्रसत हाताच्या पंजाएवढं झालं. मावशी विचारायची, "बारीक झालाय न्हवं?" आम्ही म्हणायचो, "थंडीचे दिवस हायत, मावशी." काहीही बोलायचो!

आठवड्यातल्या एका मधल्याच वारी आम्ही तिघं जमलो आणि चोरी करायची ठरवली. गेमला आतून हुकूम देता येतो, तो मला माहीत आहे. मी तो टाइप केला आणि परंड्यात एकदम मोठी फौज उभी केली. तोफा, हत्ती, सगळं. मुजीबनं टाळी दिली. "आता येऊ दे दिल्लीवाल्याला!" आम्ही चहा मागवला.

चहा येईपर्यंत फौज निम्मी झाली. कुणी हल्ला केलेला नव्हता. हिरवा स्वतःच पलटणीमागून पलटणी घरी पाठवत होता. मी परत हुकूम दिला. परत तेच. दारात शत्रू असताना मशीन कधी फौज मोडत नाही, आणि इथं हत्तीसुद्धा परत चालले होते. शेवटी आधीची मूठभर शिबंदी तेवढी उरली.

चहा गार झाला. मुजीब हळूच म्हणाला, "अपना गजा ऐसाइच था. आयतं कधी घेतलं न्हाय त्यानं."

बप्पा उठला, मोटारसायकलला किक मारली आणि ईटला गेला.

*

आता हा एक.

त्या रविवारी मावशी क्लासवर आली नाही. आदल्या दिवशी लांबच्या एका गावाहून निरोप आला होता: रुळाजवळ एक माणूस सापडलाय, वय-उंची जुळतेय, ओळख पटवायला या. सकाळीच भरत तिला घेऊन निघाला. माझ्या क्लाससमोर तिनं गाडी थांबवायला लावली आणि काचेतून म्हणाली, "मास्तर, खेळ बंद ठिवू नगा. त्यो एकटा पडंल."

म्हणून आम्ही उघडला. खेळायचं कुणालाच नव्हतं. मुजीब सरळ म्हणाला, "सर, मला भ्या वाटतंय." मलाही भीती वाटत होती. माझा फोन मी समोरच ठेवला होता, आणि तो वाजू नये असंही वाटत होतं.

हिरव्याकडं आता परंडा तेवढं उरलेलं. भोवती मुघलांचा वेढा. परंडा गेलं की तो रंगच नकाशावरून जाणार होता. बप्पानं विजापुरातलं होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं आणि भीमा ओलांडली. मुजीबची फौज नळदुर्गापाशी आली होती. मी समुद्रात, मला बघत बसण्याशिवाय काम नव्हतं.

तट फुटल्याचा संदेश आला. मुघलांनी आत घुसायला सुरुवात केली. किल्ल्यातली माणसं भराभर कमी व्हायला लागली.

"चला रं, चला की बाबांनो," बप्पा उभा राहून फौजेला सांगत होता, बैल हाकल्यासारखा. मुजीबचे ओठ हलत होते. वाट अजून बरीच होती आणि आत माणसं संपत आली होती. आपण पोचत नाही हे तिघांनाही दिसत होतं. संध्याकाळी तिला काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

आणि सगळं थांबलं. फौजा जिथल्या तिथं. आतला काळही थांबला.

आमच्या गेममध्ये पॉज कुणीही करू शकतो, आणि ज्यानं केला त्याचं नाव सगळ्यांच्या पडद्यावर येतं. ते फक्त माणसाला जमतं. मशीनकडं दिलेल्या राज्याला पॉज करताच येत नाही.

"कुणी केला रे?" मी ओरडलो.

बप्पाचे दोन्ही हात डोक्यावर होते. मुजीबचे दुआ मागायला पसरलेले होते. माझे माझ्या मांडीवर.

तिन्ही पडद्यांवर एकच नाव होतं. गजानन.

कोपऱ्यात गजाचं मशीन कापडाखाली होतं. त्याची वायर मीच काढून गुंडाळून ठेवलेली. बाहेरचं नेट सकाळपासून गेलेलं होतं. मुजीबनं जाऊन कापड उचललं, काळ्या पडद्याला हात लावून बघितला आणि कापड परत नीट टाकलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मी तो स्पीकरवर टाकला. नंबर भरतचा, आवाज मावशीचा.

"मास्तर, त्यो न्हाय." ती रडत होती. "दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू हाय. लई कवळं हाय वो." तिनं नाक पुसल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "खेळ चालू हाय न्हवं?"

"थांबलाय, मावशी."

"कुणी थांबवला?"

मी पडद्यावरच्या नावाकडं बघितलं. मुजीबनं फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाला, "गजानं थांबवला, मावशी."

"मग तुमी कुणी हात लावू नगा," मावशी म्हणाली. "त्यालाच चालू करू द्या."